भवभूतीचं गाव, वडशाची नाटकं आणि मधलं सौंदड

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वे इथे एकमेकांना छेदतात, एवढीच त्याची बाहेरच्यांना ओळख. नाटकाच्या अभ्यासकासाठी मात्र हे ठिकाण मोक्याचं आहे. इथून उत्तरेला गाडी गोंदियाला जाते आणि तिथून हावड्याच्या बाजूला वळलं की आमगाव लागतं. आमगावजवळचं पद्मपूर म्हणजे भवभूतीचं जन्मगाव, असं विद्वानांचं मत आणि इथल्या माणसांची खात्री आहे. सौंदडहून दक्षिणेची गाडी धरली तर अर्जुनी मोरगावनंतर वडसा येतं. वडशाला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या पट्ट्याच्या, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, दिवाळीच्या आसपास तिथे नाटकांच्या तारखा ठरतात आणि गावोगावचे मंडळवाले बयाणा घेऊन रांगेत उभे असतात. एका टोकाला आठव्या शतकातला संस्कृत नाटककार, दुसऱ्या टोकाला यंदाचा हंगाम.

या दोन टोकांना जोडणारा धागा आहे, असं आपल्याकडे हौसेने सांगितलं जातं. दंडार या इथल्या लोकनाट्यात नाट्यशास्त्र दिसतं, खडी गंमत या शाहिरी खेळातला गण म्हणजे नांदी, गमत्या म्हणजे विदूषक. गेल्या शंभर वर्षांत संस्कृत रंगभूमीचा शोध प्रत्यक्ष गावात, देवळात, कलावंताच्या घरी जाऊन कसा घेतला गेला, त्यातून काय हाती लागलं आणि झाडीतल्या अभ्यासाला त्याचा काय उपयोग, हे तपासलं की या धाग्याचं खरं बळ कळतं.

आधी पद्मपूर. ‘मालतीमाधव’ आणि ‘महावीरचरित’ यांच्या प्रस्तावनेत भवभूती स्वतःबद्दल बरंच सांगतो, आणि संस्कृत नाटककारांत हे दुर्मीळ आहे. घराणं उदुंबर, गोत्र काश्यप, शाखा तैत्तिरीय, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, स्वतःचं नाव श्रीकंठ, आणि गाव विदर्भातलं पद्मपूर. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी आमगावजवळचं पद्मपूर हेच ते गाव, असं मांडलं. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात मिळालेल्या एका अपुऱ्या वाकाटक ताम्रपटावर पद्मपुराचं नाव येतं आणि गावाच्या परिसरात जुने अवशेष आहेत. मिराशींचा निष्कर्ष मला पटतो. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे, तेही योग्यच. पण भवभूतीची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असं तोच सांगतो, आणि ते ठिकाण मिराशींनी यमुनेकाठच्या काल्पीला नेलं. त्याला आश्रय मिळाला तो कनौजच्या यशोवर्म्याचा. म्हणजे माणूस इथला, रंगमंच तिकडचा. पद्मपुरात ‘उत्तररामचरित’ त्या काळी कधी झालं, याचा एकही पुरावा नाही. जन्मगावावरून नाट्यपरंपरा सिद्ध करायला निघालं की पहिल्याच पायरीवर ठेच लागते.

पुरावा जिथे भरभक्कम आहे, त्या केरळकडे आता वळू. तिथे देवळाच्या आवारातल्या कूत्तंबलम नावाच्या नाट्यगृहात चाक्यार घराण्यातले पुरुष संस्कृत नाटकं करत, नंगियार स्त्रिया स्त्रीभूमिका करत आणि झांज धरून श्लोक म्हणत, तर नंब्यार मिळावु हे मोठं घटासारखं तालवाद्य वाजवत. हा सगळा प्रकार म्हणजे कूडियाट्टम. संस्कृतच्या पंडितांना त्याचं महत्त्व उशिरा कळलं. टी. गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून भासाची नाटकं छापायला सुरुवात केली तेव्हा सगळी चर्चा पोथ्यांची झाली. नाटकं भासाचीच की कुणी नंतर कापूनछाटून केलेली, यावर जन्मभर वाद घालणारे विद्वान होते. त्याच पोथ्यांतली काही नाटकं शेजारच्या देवळात रात्रभर चालतात, तिथे जाऊन बसावं, हे फार थोड्यांना सुचलं.

ते सुचलं त्यानंतर चित्र बदललं. कुंजुण्णी राजांसारख्या केरळी अभ्यासकांनी बाहेरच्यांना समजेल अशी ओळख लिहिली. डॉ. व्ही. राघवन यांनी १९६२ साली माणी माधव चाक्यारांचा प्रयोग मद्रासला आणला, तेव्हा संस्कृतच्या जाणकारांनी हे नाट्य देवळाबाहेर डोळ्यांनी पाहिलं. १९६५ साली पैंकुळम राम चाक्यारांनी केरळ कलामंडलमात शिकवायला सुरुवात केली आणि चाक्यार नसलेली मुलंही वर्गात आली. जातीच्या आणि देवळाच्या मक्त्यातून कला बाहेर पडली ती इथे. युनेस्कोची मोहोर २००१ साली उठली, पण तोवर मोठे फेरबदल होऊन पस्तीस वर्षं उलटली होती. ही गोष्ट आपल्याकडचे लेख सहसा गाळतात आणि ‘दोन हजार वर्षं जशीच्या तशी टिकलेली कला’ असं वाक्य ठोकून देतात.

प्रत्यक्ष बसून पाहणाऱ्यांना काय दिसलं, ते जवळून सांगण्यासारखं आहे. शक्तिभद्राच्या ‘आश्चर्यचूडामणि’ नाटकाचा सहावा अंक घ्या. हनुमान अशोकवनात येतो आणि सीतेला रामाची अंगठी देतो. पोथीत हा अंक तासाभरात वाचून होईल. कूत्तंबलमात तो कित्येक रात्री चालतो. नट प्रवेश करतो आणि पुढे जायच्या ऐवजी मागे जातो. मी कोण, इथे कसा आलो, समुद्र कसा ओलांडला, त्याआधी काय घडलं, असं हातांच्या मुद्रांनी आणि डोळ्यांनी उलगडत नेतो. याला निर्वहण म्हणतात. समोर पितळेचा दिवा, त्याच्या वाती नटाच्या चेहऱ्यावर उजेड पाडतात आणि मागे मिळावु त्याच्या बुबुळांच्या हालचालीबरहुकूम चढतो-उतरतो. बोललेलं संस्कृत वाक्य संपल्यावर खरं नाटक सुरू होतं. हे पोथीत कुठेही नाही. ते आहे आट्टप्रकारम आणि क्रमदीपिका नावाच्या, घराण्यांनी जपलेल्या वह्यांत. कोणत्या शब्दाला कोणता अभिनय, कुठे कुठली आख्यानं जोडायची, वेश कसा, कुणाला मानधन किती, अशा नोंदी त्यांत मलयाळी भाषेत आहेत. संस्कृत नाटक कसं होत असे, याचं सगळ्यात भरीव उत्तर अशा घरगुती वह्यांतून आलं.

त्यासाठी लागलेला वेळ हाच या अभ्यासाचा गाभा आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले डेव्हिड शुलमन आणि त्यांचे विद्यार्थी मूळिक्कुळमच्या नेपथ्य संस्थेत अनेक रात्रींचे पूर्ण प्रयोग पहिल्या रात्रीपासून शेवटपर्यंत बसून पाहत आले. दिल्ली-मुंबईतल्या महोत्सवात दीड तासाचा तुकडा पाहून लिहिणारे आणि हे लोक यांच्या लेखनातला फरक पानोपानी दिसतो. तुकड्यात डोळे दिसतात, कसब दिसतं, टाळ्याही पडतात. आख्यान मागे मागे नेताना प्रेक्षकाच्या मनात काळ कसा साठत जातो, ते मात्र जागरणाशिवाय कळत नाही.

डायान डॉहर्टी या अभ्यासिकेने नंगियार स्त्रियांकडे लक्ष वेधलं, ही या शोधातली दुसरी मोठी भर. कूडियाट्टमवर लिहिताना सगळे चाक्यारांवर लिहीत होते. नंगियार मंचावर एका बाजूला बसलेल्या असतच, पण त्यांच्या बऱ्याच भूमिका हळूहळू गळून पडल्या होत्या. मुद्दाम त्यांनाच विचारलं तेव्हा त्यांचे देवळातले विधी, त्यांचं एकपात्री नंगियारकूत्तु आणि त्याच्या वह्या उजेडात आल्या. कलामंडलमात नंगियारकूत्तु पुन्हा उभं राहिलं आणि मार्गी सती, उषा नंगियार अशा अभिनेत्रींनी ते गाजवलं. लिआ लोथॉर्प या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कलावंतांबरोबर दीर्घकाळ राहून युनेस्कोच्या मान्यतेने काय दिलं आणि काय घेतलं, याचा हिशेब मांडला. अनुदान, संस्था, दौरे, आणि त्यांबरोबर आपण ‘वारसा’ झाल्याचं ओझं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक जुनं भांडण. पंधराव्या शतकाच्या सुमारास केरळातल्या कुणा अनामिक पंडिताने ‘नटांकुश’ नावाचा ग्रंथ लिहिला. हत्तीला अंकुश, तसा नटांना हा ग्रंथ. चाक्यार भरताच्या शास्त्राला सोडून वागतात, नाटकाची कथा सोडून भलतीकडे भरकटतात, नटाने पात्र सोडून दुसरीच पात्रं रंगवावीत हा काय प्रकार, असा त्याचा आक्षेप. आज आपण ज्याला जिवंत नाट्यशास्त्र म्हणून मिरवतो, त्याच्यावर सहाशे वर्षांपूर्वी शास्त्रबाह्य म्हणून फिर्याद होती! परंपरा टिकली ती शास्त्र पाळून नव्हे. शास्त्रापासून किती आणि कुठे ढळायचं हे घराण्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती टिकली.

मराठीत या विषयाचं काम बहुतांश पोथीच्या अंगाने झालं. परशुरामपंत गोडबोल्यांनी ‘उत्तररामचरित’ मराठीत आणलं, कृष्णशास्त्री राजवाड्यांनी ‘मालतीमाधव’. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आलं आणि संस्कृत नाटक मराठी माणसाच्या कानात नाट्यपदांच्या चालींनी शिरलं. गोदावरी केतकरांनी १९२८ साली भरताचं नाट्यशास्त्र मराठी वाचकांसमोर ठेवलं. पुढे राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृत नाटकांचा वेगळा विभाग सुरू झाला आणि तो आजही चालतो. सरकारी सोयीने, परीक्षकांसमोर, बऱ्याचदा नात्यागोत्यातल्या प्रेक्षकांत होणारी ही संस्कृत रंगभूमी खरं तर क्षेत्राभ्यासाला उत्तम विषय आहे. कोण करतं, का करतं, उच्चार कुणाकडून घोटून घेतात, श्लोक गायचा की म्हणायचा हे कोण ठरवतं? पण ‘परंपरा’ म्हटलं की आपली नजर केरळात नाही तर खेड्यात जाते, नागपूर-पुण्यातल्या सभागृहात जात नाही.

लोककलांकडे पाहणाऱ्यांची वाट वेगळी होती. प्रभाकर मांड्यांनी लोकरंगभूमीचा विचार विधी, समूह आणि प्रयोग यांच्या अंगाने केला. झाडीपट्टीपुरतं बोलायचं तर पायाचं काम डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचं. साकोलीच्या परिसरात राहून, गावोगाव हिंडून त्यांनी झाडीबोलीचा शब्दसंग्रह केला, दंडारीवर लिहिलं आणि झाडीबोली साहित्य चळवळीला उभं केलं. झाडीबोलीत ‘ळ’ ऐवजी ‘र’ येतो आणि ‘ण’ ऐवजी ‘न’. डोळ्याचा डोरा होतो. हे अशुद्ध नसून नियमाने चालणारं आहे, हे ठासून सांगायला बोरकरांसारखा या मातीतला माणूस लागला. त्यांच्या कामाशिवाय झाडीतल्या नाट्यप्रकारांचा अभ्यास सुरूच झाला नसता.

याच लेखनाच्या आसपास, आणि पुढे प्रबंधांतून जास्तच, वंशावळीचा मोह दिसतो. गण-नांदी, गमत्या-विदूषक, शाहीर-सूत्रधार अशा जोड्या लावल्या जातात. जोड्या दिसायला चपखल आहेत. पण केरळात पोथी, वही, घराणं आणि देवळाचे हक्क अशी साखळी हातात धरता येते. झाडीत वाकाटकांपासून अलीकडच्या शतकांपर्यंत मधल्या कड्याच नाहीत. सारखेपणा यायला दुसऱ्या कितीतरी वाटा आहेत. कीर्तन आहे, तमाशा आहे, फिरत्या संगीत नाटक मंडळ्या आहेत. कुठल्याही नाटकाला सुरुवातीला देवाला नमस्कार आणि मधे हसवणारा माणूस लागतोच, त्यासाठी भरतमुनींची साक्ष काढायची गरज नाही.

भवभूतीच्या बाबतीत तर ही जोडी भलतीच अंगलट येते. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. करुणरसाचा हा कवी विनोदी पात्राला मंचावर फिरकूच देत नाही. आणि त्याच्या जन्मभूमीत आज विनोदी नटाशिवाय नाटकाची तारीख ठरत नाही. ‘कॉमेडी कोण आहे?’ हा मंडळवाल्यांचा पहिला प्रश्न असतो. भवभूतीचा वारसाच शोधायचा तर सीतेच्या दुःखाने हेलावणाऱ्या प्रेक्षकात शोधावा. झाडीत तसा प्रेक्षक भरपूर आहे, पण रडणं ही काही कुणा घराण्याची मिरास नव्हे.

वंशावळ बाजूला ठेवली की तुलनेला खरी धार येते. भाषेचंच घ्या. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, तर स्त्रिया आणि विदूषक प्राकृत. कूडियाट्टममध्ये विदूषक मलयाळीत बोलतो, श्लोकांचा अर्थ लावता लावता गावातल्या भटभिक्षुकांची आणि सावकारांची टर उडवतो. चार पुरुषार्थांच्या जागी खाणं, राजाची चाकरी, चैन आणि फसवणूक असे चार आणतो. झाडीपट्टीच्या नाटकात नायक, नायिका, पाटील, इन्स्पेक्टर बहुधा पुस्तकी मराठीत बोलतात आणि विनोदी पात्र झाडीबोलीत. यात पूर्वजांचा संबंध कुठेच येत नाही. मंचावर कुणाच्या तोंडी कुठली बोली द्यायची, याचा हिशेब प्रत्येक समाज आपल्या प्रतवारीप्रमाणे करतो. आपलीच बोली फक्त हसण्यासाठी ऐकू येते तेव्हा सौंदडच्या प्रेक्षकाला काय वाटतं? ती बोली वापरायला मिळाल्याचा आनंद, की थोडी बोचही? हा प्रश्न कुणीतरी प्रयोगानंतर, शेकोटीजवळ, शंभर माणसांना विचारायला हवा.

हंगामाचं स्वरूप न पाहिलेल्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. दिवाळीत गायगोधनाला गोवारी ढाल घेऊन निघतात. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुय्यम, म्हणजे दोन शाहिरांची खडी गंमत समोरासमोर. ढोलकी, तुणतुणं, लुगडं नेसलेला नाच्या, गण, गौळण, मग झगडा. एकाने कोडं टाकायचं, दुसऱ्याने सोडवायचं, आणि भोवती फुटाणे, जिलेबी, पाळणे, लेकीबाळींची माहेरची गर्दी. कुठे दंडारही असते. रात्री नाटक. धानाची कापणी-मळणी होत जाते तसा हातात पैसा येतो आणि हंगाम होळीच्या आसपासपर्यंत लांबत जातो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी तर पट आणि नाटक एकाच आवतणात येतात. दिवसा बैल, रात्री नाटक. मांडवात रंगवलेले पडदे, मंचाला लागून ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, पडद्याआड वही घेऊन प्रॉम्प्टर. प्रेक्षक ब्लँकेट गुंडाळून येतो आणि उजाडता उजाडता घरी जातो.

या व्यवस्थेचे दोर कुठे कुठे बांधलेले आहेत, ते नोंदल्याशिवाय कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. वरवर पाहता तिचा नाटकाशी काही संबंध नाही. पण पट बंद म्हणजे पाहुणे कमी, पाहुणे कमी म्हणजे तिकीट कमी, आणि मंडळाने तारीख घ्यायची तर कशाच्या भरवशावर? डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली, २०२३ मध्ये न्यायालयाने कायदा मान्य केला. मधल्या वर्षांत कुठल्या गावांनी नाटक टिकवलं, कुठल्यांनी सोडलं, पटाशिवायचा दिवस कशाने भरला? शिवाय त्याच काळात कोरोनाने हंगाम गिळला. केरळात देवळांच्या जमिनी गेल्यावर चाक्यारांचं काय झालं, याचा अभ्यास झाला. इथे पटबंदीचा तसा अभ्यास अजून व्हायचा आहे.

झाडीपट्टीला आता मान मिळू लागला आहे. गडचिरोलीचे ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या वर्षी तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ चित्रपटाने हे जग राज्यभर दाखवलं. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. मानाबरोबर ‘वारसा’ हा शब्दही येईल, अनुदानाचे अर्जही येतील, आणि अर्जात परंपरा किती जुनी असा रकाना असतोच. तिथे भवभूतीचं नाव भरण्याचा मोह कुणालाही होईल. झाडीपट्टीच्या पडद्याच्या नाटकाचं वय शतकाच्या आगेमागे आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिकिटावर चालणारी, रात्रभर प्रेक्षक बसवणारी, दरवर्षी नवी नाटकं मागणारी व्यावसायिक रंगभूमी आज देशात आणखी किती ठिकाणी आहे? तिचं नवल तिच्या वर्तमानात आहे.

तेव्हा कामाची निकड पाहिली तर माझ्या यादीत पहिल्या येतात त्या स्त्रिया. एकेकाळी पुरुष करत त्या भूमिका आज अभिनेत्री करतात. बऱ्याच जणी नागपूरहून आणि आणखी लांबून हंगामापुरत्या येतात, रात्री नाटक, दिवसा प्रवास आणि दुपारी झोप अशा चार महिन्यांत दुसऱ्या कुणी लिहिलेली बाई उभी करतात. गाडीतली बसण्याची जागा, कपडे बदलायचा आडोसा, ठरलेला आणि हातात पडलेला पैसा, नाटक संपल्यावर गावातल्या माणसांचं वागणं, हे सगळं त्यांच्याच तोंडून यायला हवं. डॉहर्टीने नंगियारांना विचारलं तेव्हा झांज धरून बसलेल्या बाईकडे एक अख्खं नाट्य निघालं होतं.

दुसऱ्या येतात प्रॉम्प्टरच्या वह्या. झाडीपट्टीचं नाटक लेखकाने लिहून दिलं तसं राहत नाही. कुठल्या गावात कुठला प्रवेश कापला, गाणं कुठे ‘वन्स मोअर’ झालं, विनोदी नटाने कुठली कोटी जोडली आणि ती चालली म्हणून पुढे कायम झाली, याच्या खुणा या वह्यांच्या समासात पेनाने केलेल्या सापडतील. केरळात घराण्यांनी आट्टप्रकारम जपलं, कारण वही असणं म्हणजे प्रयोगाचा हक्क असणं. वडशाला नाटक नवं आलं की जुन्या वहीला किंमत राहत नाही. ती कंपनीच्या पेटीत पडते, पेटी बदलली की रद्दीत जाते. गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या एखाद्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना दिवाळीनंतर वडशाला पाठवून या वह्यांची छायाचित्रं घेतली, शेजारी प्रॉम्प्टरला बसवून प्रत्येक खाडाखोडीचं कारण विचारून लिहून घेतलं, तर एका हंगामात एवढा ऐवज जमेल की पुढची दहा वर्षं प्रबंधांना ‘गण म्हणजे नांदी’ लिहावं लागणार नाही.